डेमंटॉइड म्हणजे काय हो, बाई?

गेल्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं: गार्नेट हा रत्नाचा खडा फक्त लाल नसतो, हिरवाही असतो. लिहिताना वाटलं होतं की हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. आली मात्र तीन पत्रं, तिन्ही कोकणातली आणि तिन्ही हिरव्या गार्नेटबद्दल. त्यामुळे मोत्यांबद्दल विचारणाऱ्या वाचकांनी या महिन्यात थोडी कळ काढावी.

देवगडहून एक वाचक भगिनी लिहितात:

बाई, सप्रेम नमस्कार. आमचे मामंजी बोटीवर इंजिनात कामाला होते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. यंदा पावसाआधी माळा साफ करताना त्यांचा पत्र्याचा पेटारा उघडला, त्यात एक वही आणि एक आंगठी निघाली. आंगठीतला खडा मसुराच्या दाण्याहून जरा मोठा, हिरवा. पोपटीही नाही आणि अगदी गडदही नाही. वहीत त्यांच्या अक्षरात लिहिलंय: "आंगठी. डेमंटाईट. खरा. विकू नये." सासूबाईंना दाखवली तर म्हणाल्या, "ह्यो खडो खयचो? माका तर कधी दाखवूक नाय." गावच्या सोनारांनी पेरिडॉट सांगितलं. ठाण्याचा भाचा मोबाइलवर बघून म्हणाला, हा हिरवा गार्नेट. भटजी म्हणतात गार्नेट म्हणजे गोमेद, तर हा हिरवा गोमेद, राहूचा, सांभाळून घाला. मला एवढंच सांगा, हा शब्द कसला, त्याचा अर्थ काय, मराठीत त्याला काय म्हणायचं, आणि या सगळ्यांत बरोबर कोण?

उत्तर:

ताई, मामंजींचा शब्द जवळजवळ बरोबर आहे. तो 'डेमंटॉइड'. 'टाईट' का झालं असेल त्याचाही अंदाज करता येतो. खनिजांची निम्मी नावं 'आइट'वर संपतात: ग्रॅफाइट, बॉक्साइट, क्रोमाइट. हे 'आइट' ग्रीकातून आलं, दगडांची नावं पाडायला वापरतात. बंदरात कुणी घाईने 'डेमंटॉइड' म्हटलं असेल, आणि ओळखीच्या नावांच्या वळणावर कानाने ते 'डेमंटाईट' ऐकलं असेल. पण इथे शेपटीवरच सगळा अर्थ आहे.

'ऑइड' म्हणजे 'च्यासारखा दिसणारा'. संस्कृतात आपण 'आभ' लावतो तसं. आणि 'डेमांट' हा हिऱ्यासाठीचा जुना जर्मन शब्द. इंग्रजांचा 'डायमंड' आणि हा 'डेमांट' एकाच घरातले, दोघांचा मूळपुरुष ग्रीक 'अदामास'. त्याची फोड परंपरेने अशी करतात: 'अ' नकाराचा, आणि पुढचा भाग वश करणं, नमवणं या अर्थाचा. तो ग्रीक धातू आणि संस्कृतातला 'दम्' एकाच मुळाचे आहेत. म्हणजे अदामास हा अर्थाने थेट आपला 'अदम्य'. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची. तर डेमंटॉइड म्हणजे हिऱ्यासारखा, अदम्यासारखा.

आता हा 'सारखा' कशात? नाव देणाऱ्यांनी काय पाहिलं असेल?

१८५० च्या दशकात रशियातल्या उरल पर्वताच्या भागात, निझ्नी तागीलच्या बाजूला, नदीच्या गोट्यागाळातून सोनं धुणाऱ्या लोकांना हे हिरवे खडे मिळू लागले. आपल्याकडचे झारेकरी सोनाराच्या दुकानातला केर धुऊन सोनं काढतात, तिथे अख्खी नदी धुवायची, एवढाच फरक. आधी लोकांना तो क्रायसोलाइट वाटला, म्हणजे आज आपण ज्याला पेरिडॉट म्हणतो तोच. तुमच्या सोनारांची चूक दीडशे वर्षं जुनी आणि मोठमोठ्यांनी केलेली आहे, त्यांना नावं ठेवू नका. फिनलंडचे खनिजशास्त्रज्ञ निल्स नॉर्डेनशेल्ड यांनी तपासून सांगितलं की हा गार्नेट आहे, अँड्राडाइट जातीचा. हिरवा रंग मुख्यतः क्रोमियमचा.

आणि त्याची आग! प्रकाश खड्यात शिरला की त्याचे रंग सुटे होतात. ते किती सुटे होतात याचं माप असतं. पाचूचं ०.०१४, हिऱ्याचं ०.०४४, डेमंटॉइडचं ०.०५७. या एका गोष्टीत तो हिऱ्याच्याही पुढे आहे. आपल्या धंद्यात खड्याचं 'पाणी' बघतात. याच्यात पाण्यावर इंद्रधनुष्याचे तुकडे सांडल्यासारखे दिसतात. खडा फार गडद असेल तर रंगाखाली ही आग दबते, जरा फिकट असेल तर उसळून दिसते. म्हणून तुम्ही 'पोपटीही नाही आणि गडदही नाही' लिहिलंत तिथे मी पत्र खाली ठेवून चष्मा पुसला.

म्हणजे दिसण्यात हिऱ्यासारखा, हे खरं. पण नावातला 'अदम्य' मात्र शोभेचा. एक ते दहाच्या मापावर हिऱ्याची कठिणता दहा, माणकाची नऊ. याची साडेसहा ते सात. आपल्या पुळणीवरच्या वाळूत क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे, कण असतात, त्याची कठिणता सात. अंगणातल्या धुळीतही तेच कण. आमच्या आजीच्या वेळी भांडी राखेने आणि वाळूने घासायचे. तशा घरात ही आंगठी बोटात राहिली असती तर चार वर्षांत खड्याच्या कडा मुक्या होऊन गेल्या असत्या. मामंजींनी ती पेटाऱ्यात ठेवली, बायकोलाही दाखवली नाही, याबद्दल सासूबाईंचा राग मला समजतो. पण खड्यावर मात्र उपकार झाले.

आता एक जुनी गोष्ट सांगते. वेंगुर्ल्याला आमचं दुकान होतं. वडील सोनार, आणि मी नुकतीच भूविज्ञान शिकून आलेली, १९७९ साल. एक बाई आंगठी घेऊन आल्या, नवरा बोटीवरचा. वडिलांनी खडा माझ्यापुढे सरकवला, "सांग, काय शिकून आलीस ती." मी भिंग लावलं. हिरवा, तेजाळ, आणि आत एका ठिपक्यापासून फुटलेले केसासारखे वाकडे धागे. मी ठसक्यात सांगून टाकलं: पेरिडॉट, आणि त्यातही खोट आहे. त्या बाईंना पैशांची निकड होती. खोटीच्या खड्याचे पैसे येणार नाहीत म्हणून त्यांनी सोन्याच्या वजनावर आंगठी मोडली. वडिलांनी खडा उचकटून कागदाच्या पुडीत बांधून त्यांच्या हातात दिला. ती पुडी पुढे कुठे गेली कोण जाणे.

पुढे सहा-सात वर्षांनी एका पुस्तकात चित्र बघितलं आणि हातातला चहा निवला. ते वाकडे धागे म्हणजे डेमंटॉइडची ओळख. रत्नपारखी त्याला घोड्याची शेपूट म्हणतात. एका मध्यापासून सोनेरी केस पसरावेत तसे. ते धागे क्रायसोटाइलचे असतात, आणि क्रायसोटाइल म्हणजे अॅस्बेस्टॉस. आपल्या गोठ्यांवर, पडव्यांवर जे सिमेंटचे करडे पत्रे असायचे, त्यात हेच घालायचे. तोच धागा पत्र्यात असला तर आज लोक नाक मुरडतात, आणि या खड्यात असला तर किंमत वाढते. सगळ्या रत्नांत खोट ही खोट. इथे ती दाखला. सगळ्याच डेमंटॉइडांत ती नसते, बरं का. उरलच्या आणि इटलीतल्या खड्यांत असते, कारण ते सर्पेंटाइन नावाच्या हिरव्या, मऊ खडकातून आलेले. नामिबिया आणि मादागास्करचे खडे वेगळ्या खडकात तयार झाले, त्यांच्यात शेपूट नाही. मामंजी बोटीवर होते तेव्हा नामिबिया-मादागास्करचा माल बाजारात फारसा नव्हता, त्यामुळे त्यांच्या आंगठीत शेपूट निघाली तर मला नवल वाटणार नाही. न निघाली तर लगेच निराश होऊ नका.

आता गार्नेट या शब्दाकडे येते, कारण भाच्याचं आणि भटजींचं भांडण तिथे आहे. गार्नेटचं मूळ लॅटिनमधल्या डाळिंबात. लाल गार्नेटचे खडे डाळिंबाच्या दाण्यांसारखे दिसतात म्हणून. त्या हिशेबाने 'हिरवा गार्नेट' म्हणजे हिरवं डाळिंब, ऐकायलाच विचित्र. पण कोकणातल्या माणसाला त्यात विचित्र वाटायचं कारण नाही: मोड आणून सोललेल्या वालांना आपण डाळिंब्याच म्हणतो, आणि त्या हिरवट असतात. डाळिंबी उसळ करताना मला हटकून गार्नेट आठवतो. घरच्यांना याचा कंटाळा आलाय.

गार्नेट हा एक खडा नसून एक घर आहे, असं समजा. घराचा आराखडा तोच: ओटी, माजघर, पडवी जिथल्या तिथे. बिऱ्हाडं बदलतात. अँड्राडाइटच्या घरात एका दालनात कॅल्शियम राहतं आणि दुसऱ्यात लोह. ग्रॉसुलरच्या घरात कॅल्शियम तेच, पण लोहाच्या जागी अॅल्युमिनियम. ग्रॉसुलर हा शब्दही मजेचा आहे. एका युरोपी आंबट, हिरव्या फळाच्या लॅटिन नावावरून तो आला, तिकडच्या गूजबेरीच्या. इंग्रजांनी आपल्या आवळ्याला 'भारतीय गूजबेरी' म्हटलं, त्यामुळे मराठीत ग्रॉसुलरचं भाषांतर करायचं झालं तर 'आवळ्या' करावं लागेल. मला ते आवडेल, पण कुणी विकत घेणार नाही.

आणि आपला गोमेद? रत्नपारख्यांच्या भाषेत तो हेसोनाइट, मधासारखा तांबूस-पिवळा, आणि तो आहे ग्रॉसुलर. म्हणजे भटजी गार्नेटला गोमेद म्हणाले ते अगदी हवेत नाही. गोमेद हा गार्नेटच. पण प्रत्येक गार्नेट गोमेद नाही, जसं प्रत्येक मासा सुरमई नाही. तुमचा खडा डेमंटॉइड असेल तर तो अँड्राडाइट, गोमेदाचा चुलत भाऊ. सख्खा नव्हे. सख्खा हिरवा भाऊ वेगळाच आहे. त्याच्याबद्दल तिसऱ्या पत्रात लिहिते.

मग 'हिरवा गोमेद' म्हणावं का? माझ्या मते नाही. जुन्या काळी रत्नांची नावं रंगावर ठरायची: लाल ते माणिक, हिरवा तो पाचू. त्या पद्धतीत गोमेद हा शब्द एका विशिष्ट तांबूस-पिवळ्या रंगाशी बांधलेला आहे. नावातच गाईचा मेद आहे. गोमूत्राच्या रंगाशीही लोक त्याची तुलना करतात. त्याला हिरवा करायला गेलं तर शब्द तुटतो. राहूला हा खडा चालेल का, याचं उत्तर माझ्याकडे मागू नका. राहूला रसायनशास्त्र कळत असेल तर तो अँड्राडाइट आणि ग्रॉसुलरमध्ये फरक करील. रंग बघत असेल तर हिरव्याकडे ढुंकूनही बघणार नाही. दोन्ही बाजूंनी तुमच्या आंगठीला धोका दिसत नाही.

'हिरवा हिरा' म्हणावं, असं एका जवाहिऱ्याने मला सुचवलं होतं. अजिबात नको. खरा हिरवा हिरा असतो. जर्मनीत ड्रेस्डेनला ४१ कॅरटचा आहे. 'हिरवा' आणि 'हिरा' हे शब्द एकमेकांना खेटून बसतात म्हणून कानाला बरं वाटतं, पण त्यातून उद्या कुणीतरी फसेल. उरलच्या खड्यांना जुन्या बाजारात 'उरलचा पाचू' आणि 'ऑलिव्हिन' असंही म्हणत. ऑलिव्हिन हे तर दुसऱ्याच खनिजाचं नाव, पेरिडॉट ज्याचं रत्नरूप आहे त्याचं. तेव्हा मामंजींच्या काळातल्या एखाद्या चिठ्ठीत 'ऑलिव्हिन' दिसलं तरी खडा डेमंटॉइड असू शकतो. नावांचा हा गोंधळ व्यापाऱ्यांनी घातला, निस्तरताना माझ्यासारख्या मास्तरणींचे केस पांढरे झाले.

मराठीत सरळ डेमंटॉइड लिहावं, पुल्लिंगी: तो डेमंटॉइड, दोन डेमंटॉइड. पहिल्यांदा लिहिताना 'डेमंटॉइड जातीचा गार्नेट' लिहिलं की वाचणाऱ्याला समजतं. आणि 'हिरवा डेमंटॉइड' लिहू नका. डेमंटॉइड हिरवाच असतो, फार तर पिवळसर हिरवा. पिवळ्या अँड्राडाइटला टोपाझोलाइट आणि काळ्याला मेलनाइट अशी वेगळी नावं आहेत. 'हिरवा डेमंटॉइड' म्हणणं म्हणजे पिवळा पितांबर.

राहिलं तुमच्या खड्याचं. न पाहता मी आता कुठल्याच खड्याला नाव देत नाही, १९७९ पासूनची शिक्षा. पण सोनारांचं पेरिडॉट खरं की खोटं, हे तुम्ही घरी बघू शकता. दहा पट मोठं दाखवणारं भिंग मिळवा. खडा कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने धुवा, मऊ ब्रशने. वरच्या सपाट पैलूतून आत बघा आणि खालच्या पैलूंच्या कडांवर नजर स्थिर करा. पेरिडॉटमध्ये त्या कडा दोन-दोन दिसतात, डोळ्यांना झापड आल्यासारख्या. प्रकाशाचा किरण त्यात शिरला की दुभंगतो म्हणून. गार्नेटमध्ये कड एकेरी, सुरीच्या पात्यासारखी. एकाच बाजूने बघून थांबू नका, आंगठी थोडी फिरवून दोन-तीन दिशांनी बघा, कारण पेरिडॉटमध्येही एखाद्या दिशेने रेषा एकेरी दिसू शकते. हे मी त्या दिवशी केलं नव्हतं. रेषा एकेरी दिसल्या होत्या, नीट आठवतंय, पण त्यांनी मला काही विचारलं असं मला वाटलंच नाही.

रेषा एकेरी असल्या तरी उड्या मारू नका. काचेतही त्या एकेरीच असतात. काचेत गोल बुडबुडे शोधा, बांगडीच्या काचेत असतात तसे. कारखान्यात बनवलेले काही हिरवे खडेही एकेरी असतात, आणि ते भिंगाने पकडणं तुमचं-माझं काम नाही. त्यासाठी मुंबईच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत न्या. तिथे वक्रीभवन, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो ते, मोजायचं यंत्र असतं. ते साधारण १.८१ पर्यंतच वाचतं. डेमंटॉइडचा आकडा १.८८ च्या आसपास, म्हणजे यंत्र हात वर करतं. त्यावरूनही पेरिडॉट बाद होतो, कारण पेरिडॉट १.६५ ते १.६९ च्या पट्ट्यात बसतो. खडा कोंदणातून काढायचा असेल तर तिथेच काढू द्या. पाण्यात तोलून घनता काढता येते: डेमंटॉइड पाण्याच्या ३.८४ पट जड, पेरिडॉट ३.३ पटीच्या आसपास.

आणि एक विनंती. आंगठी सैल झाली, सांधा सुटला म्हणून झाळायला दिलीत तर खडा आधी काढायला सांगा. शेगडी आणि फुंकणीपुढे कुठल्याच गार्नेटला बसवू नये. घालायचीच असेल तर सणावारी घाला. नारळ खवताना, मासे खवलताना आणि पुळणीवर चालायला जाताना घालू नका.

'विकू नये' का लिहिलं असेल, ते तुम्ही विचारलेलं नाही. मलाही ते विचारायचं नाही.

कणकवलीहून एक विद्यार्थी (बारावी, विज्ञान) लिहितो:

बाई, भूगोलाच्या सरांनी सांगितलं की आमच्या जानवली आणि वागद्याच्या बाजूला क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं खनिज, आहे. हिरव्या गार्नेटमध्ये क्रोमियम असतं असं वाचलं. मग आमच्याकडे हिरवा गार्नेट सापडू शकेल का? मी ओढ्यातून हिरवे खडे गोळा केले आहेत.

उत्तर:

छान विचार केलास. तू ज्याचा माग काढतोयस त्याचं नाव उवारोवाइट. गार्नेटच्या घरात कॅल्शियम आणि क्रोमियम राहायला आलं की तो हा. १८३२ साली हेस नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं आणि रशियातल्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष काउंट उवारोव यांचं नाव दिलं. रसायनशास्त्रात हेसचा नियम शिकला असशील, तोच हा हेस. उरलच्या पश्चिम उतारावर क्रोमाइटच्या खाणीत तो क्रोमाइटच्याच भेगांमध्ये चमचमत्या हिरव्या साखरेसारखा बसलेला असतो. त्यामुळे क्रोमाइट दिसलं की उवारोवाइट आठवावा, ही तुझी उडी बरोबर दिशेची आहे.

आता थंड पाणी. उवारोवाइटचे स्फटिक सहसा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे. पैलू पाडण्याजोगा सापडणं फार दुर्मीळ. म्हणून दुकानात तो खड्याच्या रूपात दिसत नाही, दगडावरच्या कवचाच्या रूपात दिसतो. तू ओढ्यातून गोळा केलेले खडे हाताला गुळगुळीत, मेणचट लागतात का? सुरीने ओरखडा उठतो का? उठत असेल तर ते बहुधा सर्पेंटाइन किंवा तत्सम मऊ खनिज. क्रोमाइट ज्या खडकांत असतं ते खडक पुष्कळदा बदलून सर्पेंटाइन झालेले असतात, आणि ते हिरवेच दिसतात. गार्नेटवर सुरी चालत नाही. अभ्रकासारखे पापुद्रे सुटत असतील तर क्रोमियमवालं हिरवं अभ्रक असू शकेल, त्याला फुक्साइट म्हणतात.

मी कॉलेजच्या मुलांना घेऊन जानवलीला दोन-तीनदा गेले आहे. आम्हाला काळं क्रोमाइट मिळालं, हिरवे सर्पेंटाइन मिळाले, आणि एकदा हिवाळ्यातही पाऊस मिळाला. उवारोवाइट माझ्या हाताला लागला नाही. तू बघ. क्रोमाइटचा तुकडा मिळाला तर त्याच्या भेगा भिंगाखाली बघ, वरून नाही. उवारोवाइट वरच्या पृष्ठभागावर कमी, भेगेच्या भिंतींवर जास्त. आणि तुकडा घेण्याआधी जमीन ज्याची त्याला विचार.

चिपळूणहून एक वाचक:

त्सावोराइट लिहायचं की सावोराइट? सोनार एक म्हणतो, टीव्हीवर दुसरंच.

उत्तर:

त्सावोराइट. गोमेदाचा सख्खा हिरवा भाऊ तो हाच. ग्रॉसुलरमध्ये व्हॅनेडियम किंवा क्रोमियम थोडं शिरलं की हा हिरवा होतो. केनियातल्या त्सावो राष्ट्रीय उद्यानावरून नाव पडलं. कॅम्पबेल ब्रिजेस या भूवैज्ञानिकाला तो १९६७ मध्ये आधी शेजारच्या टांझानियात दिसला, मग त्सावोच्या बाजूला सापडला, आणि १९७४ मध्ये टिफनी या अमेरिकी जवाहिरी कंपनीने तो या नावाने बाजारात आणला. त्सावो हे नाव आपल्याकडे त्याआधीच पोचलं होतं: १८९८ मध्ये तिथे रेल्वेचा पूल बांधताना दोन सिंहांनी मजूर उचलून नेले, त्यातले बरेच हिंदुस्थानातून गेलेले होते. तेव्हा 'त' गिळू नका.